दुधाचा आवाज

धुरपता कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची, दुसऱ्यांदा नाही. आईनं लहानपणीच डोक्यात भरवलं होतं: मागायचं तर एकदा माग, समोरच्याच्या मनात असेल तर तेवढ्यात देईल, नसेल तर त्याच्या मागं मागं फिरून स्वतःला हलकं करू नको. ही शिकवण चांगली की वाईट यावर वाद घालता येईल, पण धुरपतानं साठी ओलांडेपर्यंत ती पाळली. भाजीवाल्यालाही ती भाव एकदाच विचारायची. त्यानं दुसरीकडे पाहिलं की ही पुढच्या गाडीवर.

आणि नवरा मिळाला तो असा, की अलीकडे एकदा विचारलेल्याला उत्तरच देईना.

प्रेमदास टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला. तरुणपणी आष्टीच्या एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होता, लोकांना ट्रंक कॉल जोडून द्यायचा. समोरच्यानं नुसतं हॅलो म्हटलं की हा त्याला नावानं बोलायचा, अशी त्याची त्या भागात ख्याती. धुरपताचं माहेर आष्टीचंच. तिच्या बापानं जावई पसंत केला तो यावरच. "पोराचा कान लय तेज हाये," तो घरी येऊन म्हणाला होता, जसं काही पोराला दहा एकर ओलिताची जमीन आहे.

असा हा माणूस. पिपरी मेघे या गावी घर बांधलं, रिटायर झाला, आणि हळूहळू बायकोशी बोलेनासा झाला. बाहेर सगळं ठीक. चौकातल्या टपरीवर याच्या गप्पा रंगायच्या, दूधवाल्याशी, शेजारच्या अंकितशी कंपाउंडवरून बोलणं चालायचं, विहारात वंदनेला याचा आवाज सगळ्यांच्या वर. घरात मात्र धुरपता ओट्याशी उभी राहून बोलायची, हा मागं टेबलावर पेपर उघडून बसलेला, आणि उत्तर बहुतेक वेळा काहीच नाही. कधी 'हं'. कधी 'हो हो', तेही जिथं नाही म्हणायला हवं तिथं. टीव्ही इतका मोठा लावायचा की घरात दुसऱ्यानं तोंडच उघडू नये. फोन आला की तिच्याकडे सरकवायचा. "जनमभर फोनवरच बसलो," म्हणायचा, "आता कटाळा आला."

एवढ्यावर धुरपता घर सोडायला निघाली नसती. नवरे असतातच तसे, असं म्हणून तिनं ते पोटात घातलं असतं. पण मधे मीराबाईचं झालं.

मीराबाई तिची थोरली बहीण, आष्टीची. जिनं धुरपताची बाळंतपणं केली, ती. मागच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. भाचीचा, सरिताचा, फोन आला की आता काही खरं नाही. धुरपता तेव्हा पोळ्या लाटत होती. भिंतीकडे तोंड करूनच तिनं सांगितलं, "मीराबाईचं काही खरं नाई म्हणतात. मले आष्टीले नेऊन सोडा."

मागं पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. बस.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एसटी काय मेली होती? नव्हती मेली. रोज जाते. पण धुरपताचं डोकं वेगळं चालत होतं. आपण मागितलं, यानं ऐकलं, आणि दिलं नाही. आता हा आपणहून म्हणेल तर जाऊ. ती त्याच्या म्हणण्याची वाट पाहत राहिली, पोळ्या लाटत राहिली, आणि एके सकाळी मीराबाई गेल्याचाच फोन आला. मातीला दोघं गेले. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि त्या दिवसापासून तिनं मनातून नवऱ्याचा नाद सोडला.

म्हणून पुण्याहून आलेला मुलगा अनुप म्हणाला, "आई, चाल माह्यासंगं, पौर्णिमाची नोकरी सुरू होऊन राह्यली, बाळाजवळ कोणी पाहिजे," तेव्हा ती लगेच हो म्हणाली. सुनेची नोकरी, बाळ हे निमित्त. किती दिवस, असं अनुपनं विचारलं तर म्हणाली, "येईन म्हणलं तवा येईन." अनुपला काय समजायचं ते समजलं.

फक्त एक अट तिनं घातली. जेवणाचा डबा गल्लीतली आनंदाबाई देणार होती, पण सकाळचं गरम काहीतरी या माणसाला स्वतःच्या हातानं करता आलं पाहिजे. उपाशी पोटी बीपीची गोळी घेऊन बसेल आणि कुणाला सांगणारही नाही. राग आपल्या जागी, पण तिला तेवढं सोडून जाता येईना.

आणि गॅसवर तर त्याला ठेवायची सोय नव्हती. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, सांगून ती विहारात गेली तर डाळीचा कोळसा झाला. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलं आणि हा दोन हात अंतरावर बसून पेपरातलं कोडं सोडवतोय. धुरपताच्या मते हे बेफिकिरीचं शेवटचं टोक होतं.

तेव्हा अनुपनं गाडीतून कॉफीची मशीन आणली. त्याच्याकडे होतीच, घरातली, लहानशी. त्यानं नवीन मोठी घेतली आणि ही बाबांसाठी. प्रेमदासला कॉफी आवडायची, एक्सचेंजच्या रातपाळीपासूनची सवय. मशीन ओट्यावर विराजमान झाली. बटण दाबलं की काळी कॉफी कपात. तेवढं तर नातूही करेल. खरी गोम होती बाजूच्या वाफेच्या नळीत. सोबत स्टीलचा छोटा जग होता, त्यात दूध घ्यायचं, नळी आत धरायची, वाफ सोडायची, आणि दुधाचा मऊ फेस करायचा.

पहिल्या दिवशी चूक धुरपताचीच झाली. तिनं पातेल्यातलं तापवलेलं दूध दिलं. या घरात कच्चं दूध कुणाच्या तोंडाला लागत नसे. फेस तर आला नाहीच, सायीचे तुकडे नळीच्या तोंडात जाऊन बसले आणि अनुप टाचणीनं कोरत बसला.

"आई, थंडं पाहिजे दूध. फ्रिजातलं. पाकिटातलं डायरेक्ट."

"बिना तापवल्याचं? मांजरीले देतात तसं?"

"वाफेनं तापतेच ना ते."

"ऊत येते काय त्याले?"

"ऊत नाई येऊ द्यायचा. हात लावून पाह्यचा, चटका बसाले लागला की बंद."

ऊत आल्याशिवाय दूध तापलं असं धुरपताच्या जन्मात झालं नव्हतं. पण तिनं फ्रिजातलं पाकीट काढून दिलं. पिणारा दुसरा होता.

अनुप बापाला शिकवू लागला. नळीचं टोक दुधात अगदी वर, नुसतं बुडेल एवढं धरायचं. मग बारीक आवाज येतो, कागद हळूहळू फाडावा तसा. तो आला की समजायचं, फेस धरतोय. थोडा फेस आला की नळी खाली घ्यायची, दूध गरगर फिरू द्यायचं. टोक नुसतंच खोल गेलं तर दूध किंचाळतं.

"सगळं आवाजावर हाये, बाबा. आवाज ऐका. बस."

"हो हो," प्रेमदास म्हणाला.

आणि नळी सरळ तळाशी. दूध असं किंचाळलं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. अनुपनं घाईनं बंद केलं. पुन्हा दाखवलं. पुन्हा 'हो हो', पुन्हा नळी तळाशी, पुन्हा तेच. दुधात फेस नाही, आणि तापून तापून त्याला उकळी फुटलेली. दुसऱ्या दिवशी तीच गत, तिसऱ्या दिवशीही. अनुपची रजा संपत आली.

अनुप तसा शांत पोरगा, पण शेवटी त्याचं डोकं सटकलं.

"बाबा, तुमी मुद्दाम करून राह्यले. इतका आवाज होते, बहिऱ्यालेही समजन. आईले जाऊ द्यायचं नाई म्हणून हे नाटक हाये."

प्रेमदासचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो जग ओट्यावर आपटून म्हणाला, "हो. मुद्दाम करतो. काय म्हणणं हाये?" आणि बाहेर जाऊन बसला.

दारात उभ्या धुरपताला, खरं सांगायचं तर, राग यायच्या आधी बरं वाटलं. आपण जाऊ नये म्हणून हा माणूस दूध नासवतोय. इतक्या वर्षांत एवढं तरी त्यानं केलं. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. ठेवून घ्यायचं आहे तर तोंडानं म्हणायला काय होतं? नको जाऊ, एवढे दोनच शब्द. ते म्हणत नाही आणि दुधाचे हाल करतो. "उद्या निघू," तिनं अनुपला सांगितलं. "जमलं तर जमलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुप गाडीच्या चाकात हवा भरून आणायला चौकात गेला. धुरपता आतल्या खोलीत पिशवीत लुगडी भरत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ते सुरू झालं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, आणि आज तो थांबेचना. तिच्या दातांत कळा आल्या. दोन्ही कानांवर हात ठेवून ती दारापाशी आली.

प्रेमदास ओट्याशी उभा होता, तिच्याकडे पाठ करून. एका हातात जग, दुसरा हात वाफेच्या खटक्यावर. आणि तो वाकलेला होता. एक कान त्यानं जगाच्या इतका जवळ नेला होता की गालावर वाफ येत होती. तिरप्या झालेल्या चेहऱ्यावर डोळे मिटलेले दिसत होते. धुरपतानं हे वाकणं ओळखलं. लग्नानंतर एकदा ती डबा घेऊन एक्सचेंजमध्ये गेली होती तेव्हा तो असाच डोळे मिटून, हेडफोन कानाला दाबून, लांबच्या लाइनीवरचा कुणाचा तरी आवाज शोधत बसला होता.

"बंद करा ते," ती म्हणाली.

तो हलला नाही.

तिच्या मनात पहिलं आलं ते नेहमीचंच. बायको बोलली ना, मग कशाला वळेल. पण कानांवरचे हात काढता येईनात एवढा तो आवाज होता, आणि या माणसाच्या कपाळावर त्याची एक आठी नव्हती. बायकोकडे कानाडोळा करता येतो. असल्या आवाजाकडे कुणाला करता येईल?

खटका बंद झाला. घर एकदम शांत झालं. तो जगात डोकावून पाहत होता.

धुरपतानं कानांवरचे हात खाली घेतले. ती नेहमीच्या आवाजात, जसं रोज ओट्याशी बोलायची तसंच, म्हणाली, "ऐकलं काय? मी चालली."

पाठ तशीच.

"मी परत नाई येणार."

त्यानं जगातलं दूध थोडं हलवून पाहिलं.

"मीराबाई मरून राह्यली होती अन् तुमी मले नेलं नाई," ती म्हणाली. त्यानं फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागला.

कंपाउंडवरून अंकितचा घोगरा आवाज आला, "काकाजी, पेपर झाला असन तर द्या न."

"घेऊन जा, ओसरीवर हाये," प्रेमदास लगेच म्हणाला, आणि म्हणता म्हणता वळला. दारात बायको उभी, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"काय झालं?"

धुरपता त्याच्यापाशी गेली. अंकितचं ऐकू येतं. दूधवाल्याचं येतं. डाळ जळली तेव्हा कुकर शिट्ट्या मारून थकला असेल. ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि तिला दिसलं की तो तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहतोय. कधीपासून पाहत असेल? आपण तर सारा जन्म त्याच्याकडे पाठ करून बोललो.

"कुकरची शिट्टी तुमाले ऐकू येते?" तिनं विचारलं.

त्यानं हातातलं फडकं चार वेळा घडी केलं, उलगडलं.

"जाड आवाज येतात," शेवटी तो म्हणाला. "बाप्या माणसांचे येतात. गाडीचा येते. बारीक नाई येत." मग म्हणाला, "तुहा आवाज बारीक हाये. सगळ्यात पहिले तोच गेला."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? टेलिफोनवाला प्रेमदास बहिरा झाला म्हणून? तुह्या बापानं पोरगी देल्ली ती या कानाले देल्ली." त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही. "मले वाटे, चाललं तोवर चालन. तू बोलली की मी हो म्हणो. बहुतेक वेळा हो चालून जाते."

धुरपताला इतका संताप आला की तो जग उचलून भिंतीवर मारावा. मुद्दाम करतो हा पोराचा आरोप अंगावर घेतला, बायको घालवायला निघाला, पण बहिरा झालो एवढं म्हणवलं नाही. आणि त्या संतापाच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली, आणि ती जास्त जड होती. तिनं त्याचा दंड धरला.

"मीराबाई दुखण्यात होती तवा मी तुमाले म्हणलं होतं," ती एकेक शब्द सावकाश बोलली, "मले आष्टीले नेऊन सोडा. इथंच म्हणलं होतं. पोळ्या करता करता."

प्रेमदास तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याच्यापर्यंत ते पोचायला वेळ लागला.

"तिच्या दुखण्याचं मले टपरीवर समजलं होतं. मी तर त्या टायमाले तुह्या म्हणण्याची वाट पाह्यली," तो म्हणाला. "सायकल दुकानवाल्या गजूची जीप सांगून ठेवली होती. मी मनात म्हणो, हिची इतकी मायेची बहीण, अन् ही जातो काऊन म्हणत नाई. मले वाटलं, तुमा दोघीत काही झालं असन. म्हणून मी विचारलं नाई. बहिणी-बहिणीतलं कायले उकरा."

धुरपता टेबलापाशी खुर्चीवर बसली. जीप सांगून ठेवली होती. तिकडे मीराबाई दाराकडे पाहत पडलेली, आणि इकडे या घरात दोन माणसं एकमेकांच्या म्हणण्याची वाट पाहत बसलेली, एक पोळ्या लाटत आणि एक पेपर वाचत. दोघांनाही जायचं होतं. एकदा आणखी म्हटलं असतं तर? मान वळवून, त्याच्या तोंडावर, फक्त एकदा आणखी? ती पदरात तोंड घालून रडली, मीराबाईच्या मातीला रडली नव्हती तेवढी. प्रेमदास शेजारी उभा राहून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. त्याला तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळत होतं.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं. मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि जन्मात न केलेली गोष्ट केली.

"मले आष्टीले न्या," ती म्हणाली.

"आता? आता तिथं कोण हाये?"

"सरिता हाये. मीराबाईचं घर हाये. मले जायचं हाये." आणि तो अजून तोंडाकडेच पाहतोय हे बघून तिनं गळा खाली ओढला, कंडक्टरसारखा जाडा आवाज काढला आणि पुन्हा म्हणाली, "मले आष्टीले न्या."

"चाल," प्रेमदास म्हणाला. "हे आलं ऐकू."

अनुप गाडी लावून आत आला तेव्हा त्याला वाटलं, घरात कुणी पाहुणा आलाय. आतून एक घोगरा आवाज विचारत होता, "साखर किती टाकू?" आणि बाबा उत्तर देत होते. तो दारात थांबला. आई-बाबा ओट्याशी दोघंही उभे होते, पण भिंतीकडे तोंड करून नाही, एकमेकांकडे. मशीन मधे आडवी वळवलेली. बाबांच्या हातात जग, त्यात फ्रिजातलं थंड, बिनतापवलेलं दूध. आई कान देऊन ऐकत होती, एक बोट वर धरून.

"आई, बॅग कुठी हाये? निघाचं ना?"

"तू जा, बापा," धुरपता बोट खाली न करता म्हणाली. "आमी पहिले आष्टीले जाऊन येतो. मंग यांच्या कानाचं पाह्यचं हाये डॉक्टरकडे. बाळाजवळ येतो आमी नंतर, दोघंही."

"बाबांच्या कानाले काय झालं?"

"बसून सांगतो. आता बोलू नको, मले ऐकू दे."

वाफ सुटली. नळीचं टोक दुधात वरच्या वर होतं. धुरपताला प्रथम नुसती हवा ऐकू आली, मग तो बारीक आवाज, कागद सावकाश फाडल्यासारखा. तिनं वरचं बोट हलवलं. प्रेमदासनं नळी हळूच खाली नेली आणि दूध गरगर फिरायला लागलं. जगाला लावलेल्या तळव्याला चटका बसला तशी त्यानं वाफ आपली आपणच बंद केली.

फेस काही फार चांगला झाला नव्हता. मोठे मोठे बुडबुडे होते वर. तिघांनी टेबलावर बसून ती कॉफी प्यायली, आणि धुरपता मुद्दाम प्रेमदासच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

तो कपात पाहत होता. त्याला कळलं नाही.

तिनं टेबलावर दोनदा बोट वाजवलं, त्यानं मान वर केली, आणि तिनं पुन्हा विचारलं.